पाहणीच्या आधीचा गिलावा

सावळटेकच्या लियाकत मिस्तरीला कामाची ददात कधी पडली नाही. गाव नाशिकपासून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर म्हणायचं ते सवयीने, कारण त्यातला अर्धा केव्हाच खडी होऊन शहरातल्या पुलांत आणि इमारतींच्या पायांत जाऊन बसला आहे. गावाच्या वरच्या अंगाला दगडखाण, तिच्या खाली क्रशर. दुपारची जेवणं आटोपली की खाणीत सुरुंगाचे बार उडायचे. मांडणीवरची भांडी वाजायची, कोंबड्या सैरावैरा पळायच्या आणि कुणाच्या ना कुणाच्या भिंतीला नवा तडा जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरचं माणूस लियाकतच्या दारात उभं असायचं.

"मिस्तरी, जरा येऊन जा ना. लय मोठा नाय, बारीकच हाय."

तडा बारीकच असतो असं सगळेच सांगत, आणि लियाकत जाऊन पाही तेव्हा त्यात हाताचं बोट मावत असे. तो तडा खरवडायचा, पाणी मारायचा, सिमेंट भरायचा, वरून थापी फिरवून भिंत अशी गुळगुळीत करायचा की घरच्या बाईला जागा शोधावी लागे. पुढच्या महिन्यात तडा शेजारून जाई. लियाकत पुन्हा हजर.

खाणीमुळे गावाला रोजगार मिळाला, असं खाणवाले सांगत आणि ते काही खोटं नव्हतं. गावातली तरणी पोरं हायवा डंपर चालवू लागली. बुधा घण मारायला लागला. भागीबाईने क्रशरच्या फाटकाशी चहाची टपरी टाकली. शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडे गिऱ्हाईक वाढलं. आणि लियाकतचं तर विचारूच नका. पत्र्याच्या घरावर स्लॅब पडला, एकुलत्या एका लेकीचं, जियाचं, लग्न थाटात झालं. "खाण नसती तर मी आजूनबी दुसऱ्याच्या हाताखाली माल कालवत बसलो असतो," असं तो चारचौघांत म्हणायचा. बायकोचा, खातूनबीचा, खोकला सुरू झाला तेव्हापासून म्हणायचा बंद झाला.

एक गोष्ट मात्र त्याला पहिल्यापासून सलत होती. गावातली बहुतेक घरं त्यानेच बांधलेली. त्यामुळे भिंत फाटली की नाव खाणीचं निघायच्या आधी त्याचं निघे. पारावर बसलेल्यांना तेवढीच करमणूक. "काय मिस्तरी, भिंत बांधली का पापड लाटला?" लियाकत त्यांच्याबरोबर हसायचा, आणि घरी येऊन भाकरी अर्धी टाकून उठायचा. ओळंबा लावल्याशिवाय एक वीट न ठेवणारा माणूस तो. त्याची थट्टा सगळ्यांत जास्त जिथे लागायची, नेमकी तिथेच व्हायची.

त्याचं स्वतःचं घर गावाच्या वरच्या टोकाला. लग्न झालं तेव्हा खातूनबी मालेगावच्या दाटीतून आली होती, यंत्रमागांच्या खडखडाटात आणि कोंदट खोल्यांत वाढलेली. तिला मोकळी हवा मिळावी म्हणून लियाकतने मुद्दाम उंचावरची जागा धरली. डोंगरावरून सरळ वारा येतो, उन्हाळ्यात पंखा लागत नाही, असं तो सासुरवाडीत मिरवून आला होता. वारा अजूनही सरळच यायचा. फक्त वाटेत आता क्रशर होतं. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता यावं इतकी पांढरी पूड बसायची. खातूनबी जेवायला बसताना ताटं धुवायची, आणि वाढायच्या आधी पुन्हा पुसायची.

खोकला आधी सर्दीचा समजला गेला, मग टीबीचा. टीबीची औषधं तिने निमूटपणे संपवली, खोकला राहिला तो राहिलाच. शेवटी जियाने आईला शहरात बोलावून छातीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं की धूळ बसली आहे. बसलेली निघत नाही, पण नवीन बसू देऊ नका. "धूळ बंद करा, नाहीतर घर बदला," ते म्हणाले. साडी बदला म्हणावं इतक्या सहज ते बोलले.

"घर कसं बदलायचं?" परतीच्या वाटेवर खातूनबी म्हणाली. "माझ्यासाठी बांधलंय ना तुम्ही."

लियाकतलाही घर सोडवेना. म्हणजे मग धूळच बंद व्हायला हवी होती, आणि ती बंद करणं एकट्याच्या हातात नव्हतं. सुदैवाने गावाचंही पाणी गळ्याशी आलं होतं. द्राक्षाच्या घडांवर पूड बसते म्हणून व्यापारी बागेत पाय ठेवीनात, बोअरचं पाणी गढूळ झालं, घरोघरी खोकणारं एक तरी माणूस झालं. सरपंच गोदावरीताईंनी पुढाकार घेऊन तक्रार केली, मग तक्रारीचं काय झालं याची तक्रार केली, आणि बऱ्याच वर्षांनी निरोप आला की जिल्ह्याहून पथक पाहणीला येत आहे. तडे बघणार, धूळ बघणार, आजारी माणसांना भेटणार आणि मग खाणीचं काय करायचं ते ठरवणार. लियाकतने त्या दिवशी खातूनबीला सांगितलं, "आता थोडंच राहिलंय. बंद होईल बघ."

ग्रामसभा भरली. गोदावरीताई कडक बाई. त्यांच्या घरी पाण्याचे पेलेसुद्धा लख्ख घासून, पुसून, ओळीत मांडलेले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब लोकं येनार हायेत. मागल्या बारीला काय झालं ते ध्यानात ठेवा."

मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना पाठ होतं. स्वच्छ गावाच्या बक्षिसासाठी पाहणी होती. गाव आरशासारखं झालं होतं आणि ऐन वेळी कुणाची तरी म्हैस साहेबांच्या पुढ्यात रस्त्यावर बसली. बक्षीस शेजारच्या गावाला गेलं. त्या आधीची पाहणी संडासांची होती, त्याच्या आधीची शाळेची. सावळटेकला आजवर जी पाहणी ठाऊक होती ती अशीच, झाडून पुसून, रंग मारून, पोरांना नवे कपडे घालून उभं राहण्याची. साहेब बघायला येतो तो गाव चांगलं आहे का हे बघायला, वाईट आहे का हे बघायला येणारा साहेब गावाने कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा ठरलं की रस्ते धुवायचे, झाडांची पानं धुवायची, घरांना रंग द्यायचा. आणि घराला रंग द्यायचा म्हणजे आधी भिंतीचे तडे बुजवणं ओघानेच आलं.

एवढ्यात क्रशरचा मॅनेजर उठला. नाव संघर्ष, पण माणूस नावाच्या अगदी उलट. कुणाशी आवाज चढवून बोललेला नाही. हात जोडून म्हणाला, "पाहुणे काय तुमचेच आहेत का? आमचेपण आहेत. सिमेंट, पुट्टी, रंग आमच्याकडून. टँकर पण पाठवतो. आणि पाहणी होईपर्यंत बार बंद, क्रशर बंद. उगाच पाहुण्यांना त्रास नको."

सभेने टाळ्या वाजवल्या. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच इतकं समजून घेतलं याचं गावाला भरून आलं. लियाकतलाही आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला म्हटलं होतं की माल हवा तेवढा वापर, पण काम बघण्यासारखं कर.

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा खातूनबी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली.

"साहेब तडे बघायला येणार ना?"

"हो."

"मग बुजवताय कशाला?"

लियाकतने सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाला, "अगं, कचेरीत जाताना आपण इस्तरीचे कपडे घालतो का नाय? मळक्या माणसाचं कोण ऐकतं? आधी गाव बघतील, म्हणतील, चांगली माणसं हायेत, नीटनेटकी हायेत. मग सांगायचं काय काय सोसतो ते. माणूस बरा दिसला की त्याचं दुखणंबी खरं वाटतं."

खातूनबीने पुन्हा तांदळात बोटं घातली. नवऱ्याचं म्हणणं तिला पटलं नव्हतं, पण खोडताही येईना. तिनेही डॉक्टरकडे जाताना ठेवणीतलीच साडी नेसली होती. आणि खरं सांगायचं तर लियाकतला यात आणखी एक लोभ होता, तो त्याने बायकोला सांगितला नाही. पारावरच्या लोकांना एकदा दाखवायचं होतं की त्याने बांधलेलं गाव कसं दिसतं.

त्या आठवड्यात लियाकतने जे काम केलं तसं त्याने ना आधी केलं होतं ना पुढे केलं. बार बंद असल्यामुळे भरलेली भेग भरलेलीच राहत होती, हे सुखही त्याला नवीन होतं. गोदावरीताईंच्या दर्शनी भिंतीला छतापासून जोत्यापर्यंत गेलेला तडा होता. त्याने तो असा मिटवला की ताई दोनदा हात फिरवून बघून गेल्या. शाळा झाली, समाजमंदिर झालं, मशिदीची कमान झाली, मारुतीचं देऊळ झालं. मागून पोरं गुलाबी, पोपटी, आकाशी रंग मारत येत होती. टँकर झाडांवर पाणी उडवत होता, आणि कडुनिंब हिरवा असतो हे लहान पोरांना नव्याने कळत होतं.

माणसांचीही डागडुजी झाली. पाहुण्यांपुढे खोकणं बरं दिसत नाही, म्हणून बुधाला कळवणला त्याच्या मेव्हण्याकडे धाडण्यात आलं. जायची त्याची तयारी नव्हती, पण गोदावरीताईंनी एसटीचं तिकीट काढून दिलं आणि बरोबर शिदोरीही बांधून दिली. आणखी चारदोन म्हाताऱ्यांची अशीच नातेवाइकांकडे सोय लागली. भागीबाईने जायला साफ नकार दिला, तेव्हा तिच्याकडून कबूल करून घेतलं की त्या दिवशी ती ज्येष्ठमध चघळत मागच्या दाराशी बसेल.

सगळी घरं झाली, एक राहिलं. मिस्तरीचं स्वतःचं घर नेहमीच शेवटी राहतं. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी लियाकत घरी आला तेव्हा हात उचलत नव्हते. बैठकीच्या भिंतीतला तडा तिरपा होऊन खिडकीपर्यंत पोचला होता. "राहू द्या," खातूनबी म्हणाली. "आपल्या घरी कोण येतंय."

दुसऱ्या दिवशी पथक आलं. प्रमुख आभा मॅडम, वयाने तरुण, पायात साधे बूट. बरोबर एक इंजिनीअर साहेब आणि एक आरोग्याचे. दारोदार रांगोळ्या होत्या. गोदावरीताईंनी ओवाळलं, नारळ दिला. चहा झाला, पोहे झाले. हवा इतकी स्वच्छ होती की मॅडमनी डोंगराचा फोटो काढला. मग त्या म्हणाल्या, "चला, तडे दाखवा."

गाव एकमेकांकडे बघू लागलं. मॅडम पहिल्या घरात गेल्या, दुसऱ्या घरात गेल्या, शाळेत गेल्या. कुठे चरादेखील नाही. त्या मनापासून बघत होत्या, हे लियाकतला दिसत होतं, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून, दरवाजांच्या चौकटींवरून त्यांची नजर फिरत होती. कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून त्या थांबत होत्या, आणि रंगवलेल्या भिंतीपुढे उभं राहून माझं घर फाटलेलं आहे असं सांगायला कुणाची जीभ रेटत नव्हती. खातूनबी आठवड्यापूर्वी एका वाक्यात जे बोलली होती ते लियाकतला आत्ता समजलं.

तो पुढे झाला. "मॅडम, तडे होते. घरोघर होते. मीच बुजवले."

"कधी?"

"याच हप्त्यात."

"का?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मॅडमना सांगता येण्यासारखं नव्हतं. "तुम्ही येनार म्हनून," एवढंच तो म्हणाला.

मागून संघर्ष हळूच हसला. इंजिनीअर साहेबही हसले. मॅडम हसल्या नाहीत. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "एखादा उघडून दाखवा."

लियाकत धावत जाऊन छन्नी-हातोडा घेऊन आला आणि गोदावरीताईंच्या भिंतीपाशी उभा राहिला. ताई मध्ये आल्या. "मिस्तरी, भिताडाला हात लावू नको. परवा पोरीला बघायला पावणे येनार हायेत. शेजारच्यांचं फोड." शेजारच्यांनी नुकताच पोपटी रंग दिला होता, आणि तो रंग पुन्हा मिळणार नव्हता. त्यांनी शाळेकडे बोट दाखवलं. शाळेच्या गुरुजींनी भिंतीवर सुविचार लिहून घेतला होता, तो तुटला असता. देवळाची भिंत फोडायची तर लियाकतने फोडणं बरं दिसलं नसतं, आणि मशिदीची फोडायला त्याचा स्वतःचाच हात धजेना. छन्नी हातात घेऊन तो गल्लीगल्लीत फिरला. मागे पथक, पथकामागे गाव. सगळ्या गावाला खाण बंद व्हायला हवी होती, फक्त भिंत दुसऱ्याची फुटायला हवी होती.

शेवटी तो म्हणाला, "माझ्या घरी चला."

तिथे काही फोडायची गरज नव्हती. खिडकीपर्यंतचा तडा सगळ्यांना दारातूनच दिसला. मॅडमनी फोटो घेतले. इंजिनीअर साहेबांनी तड्यात बोट घालून पाहिलं.

"हे घर कुणी बांधलं?"

"मीच."

"आणि गावातली बाकीची?"

"तीबी मीच."

"मग स्वतःच्याच घराला असं कसं?" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच कुतूहल होतं. "बाकीच्या घरांना काही नाही. हादरे तर सगळ्यांनाच सारखे बसतात ना?"

तेवढ्यात खातूनबी चहाचा ट्रे घेऊन आली. कप खाली ठेवताना तिला उबळ आली. पदर तोंडाला लावून ती भिंतीला टेकली आणि बराच वेळ खोकत राहिली. आरोग्याच्या साहेबांनी आपुलकीने विचारलं, "घरात चूल आहे का?"

"पहले थी," ती म्हणाली. "आता गॅस हाय."

"होती ना, म्हणजे धूर," साहेब म्हणाले. मॅडमनी गावाकडे वळून विचारलं, "असा खोकला आणखी कुणाला आहे?"

बुधा कळवणला होता. भागीबाई ज्येष्ठमध चघळत होती. गोदावरीताई यजमानीणबाईच्या थाटात म्हणाल्या, "न्हाई मॅडम, बाकी सगळे ठणठणीत हायेत." म्हणताना त्यांनी खातूनबीकडे पाहिलं नाही. संध्याकाळी त्या लियाकतच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसून गेल्या, पण तोवर गाड्या नाशिकला पोचल्या होत्या.

निकाल आला तो ग्रामसभेतच वाचून दाखवला गेला. गाव आदर्श आहे, पहिल्याच ओळीला टाळ्या पडल्या. हवा स्वच्छ आढळली. घरं उत्तम स्थितीत आहेत. एकाच घराला तडे असून ते सदोष बांधकामामुळे आहेत. एका महिलेस खोकला असून तो चुलीच्या धुराचा असावा. खाणीला हरकत घेण्याजोगं काही दिसलं नाही. टाळ्या कुठे थांबवायच्या हे लोकांना कळेना, म्हणून त्या हळूहळू आपोआपच विरल्या. सदोष हा शब्द कानावर पडला तेव्हा पारावरचे नेहमीचे थट्टेखोर लियाकतकडे बघायचं टाळत होते. त्यापेक्षा त्यांनी पापडाचं काही म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

बार पुन्हा सुरू झाले. दोन्ही पाळ्यांत क्रशर चालू लागलं. गुलाबी, पोपटी, आकाशी, सगळं बघता बघता एका रंगाचं झालं. गोदावरीताईंच्या भिंतीला होता तिथेच तडा पडला, आणि सकाळी त्यांचा निरोप आला. लियाकत गेला. "आता हवं तेवढं फोड बाबा," त्या म्हणाल्या, "पोरीचं जमलं." त्याने छन्नी लावली. काम भरपूर होतं, पूर्वीपेक्षाही जास्त.

खातूनबीला न्यायला जिया आणि जावई सरफराज आले. लियाकतने अडवलं नाही, अडवायला तोंडच राहिलं नव्हतं. "थोडे दिवस," खातूनबी म्हणाली, आणि जाताना दारातून मागे वळून घराकडे बघत राहिली. सरफराजचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान नाशिकच्या द्वारका चौकात, वर राहायच्या दोन खोल्या. खिडकीखाली दिवसरात्र ट्रक, बस, रिक्षा, सिग्नलवर अडकलेल्यांचे हॉर्न आणि काळा धूर. शहरातले लोक तिथून जाताना नाकाला रुमाल लावतात. त्या खिडकीत बसून खातूनबीचा खोकला उतरायला लागला.

लियाकतला हे जियाने कळवलं तेव्हा तो आधी हसला. मग त्याने स्वतःच्या घराचं काम काढलं. दिवसभर लोकांच्या भिंती, संध्याकाळी आपली. सगळा जुना गिलावा काढला, नवा केला, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, ओट्याला काचेचं दार बसवलं. तिला आवडतो तसा फिकट निळा रंग दिला. घर असं झालं की बघायला आलेल्या गोदावरीताई दारातच थबकल्या. त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने फोन लावला.

खातूनबी खुशीत होती. नातवाचं सांगितलं, खालच्या भेळवाल्याचं सांगितलं, समोरच्या बाल्कनीतल्या बाईशी मैत्री झाली ते सांगितलं. मग तिने विचारलं, भाकरी नीट करता का, दमता का. त्याने घराचं सांगितलं. निळा रंग, काचेचं दार, सगळं. ती मन लावून ऐकत होती, मध्येच एकदोनदा "वा" म्हणाली.

"मग कधी येऊ घ्यायला?" हे त्याच्या ओठांवर होतं. त्याने तोंड उघडलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की इतकी बडबड झाली, हसणं झालं, पण ती मध्ये एकदाही खोकली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती बोलायची तसंच बोलत होती. आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण त्याच्या मागोमाग जे आलं ते फार मोठं होतं. तिच्यासाठी बांधलेल्या घरात आता तिला कधीच बोलवायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्याचं त्यालाच कळलं.

"ऐकताय ना?" ती पलीकडून म्हणाली.

"ऐकतोय," लियाकत म्हणाला. "बोल तू. बोलत रहा."